मिठाच्या हिशेबातून गळालेला आकडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीत बारावी आणि ‘नीट’च्या मुलांसाठी रसायनशास्त्राचे जे सदर येते, ते आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत आपल्याला वाटत असेल त्यापेक्षा बरेच जास्त वाचले जाते. ज्या घरांना नागपूर किंवा लातूरच्या शिकवणीचा खर्च झेपत नाही, त्या घरांतली मुले ते पान कापून वहीत चिकटवतात आणि त्यातली वाक्ये उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी उतरवतात. म्हणूनच या सदरातील एका विधानाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटले. आयनिक बंध (विद्युतभारित अणूंमधला, म्हणजे आयनांमधला बंध) समजावताना त्यात असे म्हटले आहे की, सोडियमला एक इलेक्ट्रॉन टाकायचा असतो, क्लोरीनला एक हवा असतो, ही देवघेव होताच दोघांचे अष्टक (बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होते, त्यातून ऊर्जा बाहेर पडते आणि म्हणून मीठ हे स्थिर संयुग बनते. हे विधान एकट्या आपल्या पुरवणीचे आहे असे नाही. ते मार्गदर्शिकांत आहे, शिकवणी वर्गांच्या नोट्समध्ये आहे आणि अनेक वर्गांच्या फळ्यावरही आहे. पण त्यातला ऊर्जेविषयीचा भाग चुकीचा आहे, आणि तो तसाच डोक्यात बसला की पुढचा सगळा धडा, म्हणजे एन्थाल्पीतील (पदार्थाच्या उष्णतेच्या साठ्यातील) बदल, बॉर्न-हेबर चक्र आणि जालक ऊर्जा, केवळ घोकंपट्टीचा विषय होऊन बसतो.

प्रथम आकडेच पाहू. वायुरूपातील सोडियमच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटा करायला एका मोलमागे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक संख्येमागे (सोडियमच्या बाबतीत २३ ग्रॅम), ४९६ किलोजूल ऊर्जा पुरवावी लागते. सोडियम आपला इलेक्ट्रॉन टाकायला उतावीळ झालेला नसतो; तो त्याच्याकडून काढून घ्यावा लागतो, एवढेच की इतर बहुतेक मूलद्रव्यांच्या मानाने तो कमी खर्चात निघतो. हा इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूला दिला की ३४८.६ किलोजूल परत मिळतात. ज्या देवघेवीतून ऊर्जा बाहेर पडते असे आपण मुलांना सांगतो, तिच्यात अशी १४७.४ किलोजूलची तूट आहे. शिवाय आपली सुरुवात सुट्या अणूंपासून होतच नाही. सोडियम हा घन धातू आहे, त्याचे अणू वायुरूपात आणायला १०८.४ किलोजूल लागतात. क्लोरीनचे अणू जोडीने असतात, त्यातला एक मोल अणू सुटा करायला १२१ किलोजूल लागतात. सगळा खर्च ७२५.४, जमा ३४८.६, आणि तूट ३७६.८ किलोजूल. असे असूनही तापवलेले सोडियम क्लोरीनच्या बरणीत सोडले की पिवळ्याधमक ज्योतीने पेटते आणि मिठाच्या प्रत्येक मोलमागे ४११.२ किलोजूल उष्णता बाहेर पडते. तूट भरून निघून वर एवढी शिल्लक राहते, याचा अर्थ कुठून तरी ७८८ किलोजूल आलेले असले पाहिजेत. ते येतात सुटे धन आणि ऋण आयन एकत्र येऊन त्यांची स्फटिकजाळी रचली जाते तेव्हा. हीच जालक ऊर्जा किंवा लॅटिस एन्थाल्पी. (काटेकोरपणे या दोन राशींत काही किलोजूलचा फरक असतो; बारावीच्या पातळीवर तो सोडून दिला तरी चालते.) आमच्याकडे कापसाचेही असेच असते. बियाणे, खत, निंदण, फवारणी यांचा पैसा आधी जातो आणि वसुली होते ती माल विकल्यावर. निंदणाच्या दिवशीच नफा झाला असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. आपले सदर नेमके तेच म्हणते आहे.

हा हिशेब मांडण्याची पद्धत माक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हेबर यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती १९१९ सालची आहे. तिच्या मुळाशी हेस यांचा १८४० चा नियम आहे: एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत कोणत्याही वाटेने गेले तरी एन्थाल्पीतील एकूण बदल तोच राहतो. जालक ऊर्जा थेट मोजणे जवळजवळ अशक्य असते, कारण आयनांचा वायू बाटलीत भरून ठेवता येत नाही. म्हणून ज्या टप्प्यांचे मोजमाप होते ते सगळे एका बाजूला मांडायचे आणि उरलेला एक आकडा वजाबाकीने काढायचा, एवढीच युक्ती आहे. यातले हेबर म्हणजे हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची पद्धत शोधणारे हेबर. आपल्या कृषी केंद्रांतली युरियाची पोती आजही त्याच पद्धतीवर अवलंबून आहेत. वर्गात हे सांगायला अर्धे मिनिट लागते, आणि सोयाबीन-कापसाच्या घरातली मुले त्या अर्ध्या मिनिटात मान वर करून बघतात, असा माझा अनुभव आहे.

जाळी रचताना एवढी ऊर्जा का मिळते, हा प्रश्न मात्र सदरात सोडाच, बहुतेक वर्गांतही विचारला जात नाही. मिठाच्या स्फटिकात शेजारच्या सोडियम आणि क्लोराइड आयनांमधले अंतर २८२ पिकोमीटर असते. विद्युतभारांमधले आकर्षण सांगणाऱ्या कूलोमच्या नियमाने अशा एकाच जोडीचे आकर्षण काढले तर मोलमागे सुमारे ४९० किलोजूल येतात. पण स्फटिकात कोणताही आयन एका जोडीदाराबरोबर बसलेला नसतो. एका सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड असतात, ते ओढतात. त्यांच्या पलीकडे, त्या अंतराच्या दोनच्या वर्गमूळाइतक्या पटीवर, बारा सोडियम असतात, ते ढकलतात. त्यांच्या पलीकडे तीनच्या वर्गमूळाइतक्या पटीवर आठ क्लोराइड, ते पुन्हा ओढतात. मग दुप्पट अंतरावर सहा सोडियम, आणि असे पुढे चालूच राहते. मुलांना वहीत ही बेरीज करायला सांगावी. सहा, वजा आठ पूर्णांक एकोणपन्नास शतांश, अधिक चार पूर्णांक बासष्ट शतांश, वजा तीन, अशी ती खालीवर उड्या मारते, आणि थोडी कौशल्याने आवरली तर १.७४७६ या संख्येवर येऊन थांबते. हा मिठाच्या रचनेचा माडेलुंग स्थिरांक. याचा अर्थ एकट्या जोडीच्या पावणेदोन पट आकर्षण जाळीत मिळते. ४९० ची पावणेदोन पट केली की ८६० च्या आसपास आकडा येतो. आयन फार जवळ आले की त्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर सारतात, त्यापोटी साधारण दहावा हिस्सा वजा केला की आपण प्रयोगातून मिळालेल्या ७८८ च्या अगदी जवळ पोहोचतो. एका बाजूने उष्णतामापनाचे आकडे, दुसऱ्या बाजूने निव्वळ विद्युतभार आणि अंतरे, आणि दोन्ही वाटा जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. रसायनशास्त्रात एवढी देखणी पडताळणी फार थोड्या ठिकाणी आहे, आणि परीक्षेत तिला गुण नाहीत म्हणून आपण ती मुलांपर्यंत पोहोचू देत नाही.

अष्टकाचा नियम मी मोडीत काढत नाही. तो सूत्र लिहायला उपयोगी पडतो. पण सोडियम एकच इलेक्ट्रॉन का देतो आणि मॅग्नेशियम दोन का देतो, याचे खरे उत्तरही याच हिशेबात आहे. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४५६२ किलोजूल लागतात, कारण तो आतल्या कक्षेतला असतो. समजा सोडियमचे दोन क्लोराइडवाले संयुग बनवायचे ठरवले, तर दोन्ही इलेक्ट्रॉनांचा खर्च पाच हजारांच्या वर जातो आणि तशा जाळीकडून वसुली होईल ती फार तर अडीच हजारांच्या घरात. असे संयुग बनणार नाही. मॅग्नेशियमचे पहिले दोन इलेक्ट्रॉन अनुक्रमे ७३८ आणि १४५१ किलोजूलमध्ये निघतात, आणि दुहेरी भाराच्या आयनामुळे मॅग्नेशियम क्लोराइडची जाळी अडीच हजारांहून अधिक परत देते, म्हणून तिथे दुसरा इलेक्ट्रॉन देणे परवडते. ऑक्सिजनची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ऑक्सिजन दोन इलेक्ट्रॉन ‘आवडीने’ घेतो असे मुले लिहितात. प्रत्यक्षात पहिला इलेक्ट्रॉन घेताना १४१ किलोजूल बाहेर पडतात, पण दुसरा घेताना, ऋणभारित आयनात आणखी एक ऋणभार कोंबायचा असल्यामुळे, सातशेहून अधिक किलोजूल पुरवावे लागतात. एकटा ऑक्साइड आयन मोकळ्या वायूत टिकतच नाही. तो टिकतो तो जाळीच्या आधाराने. देवघेवीचीच ऊर्जा खरी मानली, तर मॅग्नेशियमची फीत जळायलाच नको होती.

या विचाराने एकदा मोठा शोधही लागला. कॅनडात काम करणाऱ्या नील बार्टलेट यांना दिसले की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूकडूनही इलेक्ट्रॉन काढून घेते. ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ११७५ किलोजूल लागतात, झेनॉन या निष्क्रिय वायूचा काढायला सुमारे ११७०, आणि दोन्ही आयनांचे आकारही असे की त्यांच्या जाळ्यांची ऊर्जा फारशी वेगळी असू नये. मग झेनॉनचे संयुग का होऊ नये? १९६२ मध्ये त्यांनी ते करून दाखवले, आणि ज्यांचे अष्टक आधीच पूर्ण असल्यामुळे ते कोणाशीही संयोग करत नाहीत असे शिकवले जात होते, त्या वायूंबद्दलची समजूत बदलली.

जालक ऊर्जा कशावर अवलंबून असते, हे मात्र सदरात बरोबर दिले आहे: भार जास्त आणि आकार लहान, तर ऊर्जा जास्त. फक्त तिथे उदाहरणांची कोरडी यादी आहे. सोडियम फ्लोराइड आणि मॅग्नेशियम ऑक्साइड ही एक जोडी मुलांपुढे ठेवली तरी पुरे. चारही आयनांत इलेक्ट्रॉन दहाच, रचना मिठाचीच, अंतरेही फार वेगळी नाहीत. फरक आहे तो एकेरी आणि दुहेरी भाराचा. पण पहिल्याची जालक ऊर्जा सुमारे ९२५ आणि दुसऱ्याची सुमारे ३८०० किलोजूल, म्हणजे चौपटीहून थोडी जास्त. पहिले ९९३ अंश सेल्सिअसला वितळते, दुसरे २८५२ अंशांना, आणि म्हणूनच पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांना आतून मॅग्नेशियाच्या (मॅग्नेशियम ऑक्साइडच्या) विटा लावतात.

आमच्या भागातले उदाहरण याहून जवळचे आहे. वणी तालुक्यात राजूरच्या बाजूला चुनखडी भाजणाऱ्या भट्ट्या आहेत, आणि पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना-गडचांदूरकडे त्याच खडकावर सिमेंटचे कारखाने उभे आहेत. भट्टीत सुमारे नऊशे अंशांना कॅल्शियम कार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. या अभिक्रियेला मोलमागे १७८ किलोजूल लागतात. क्विंटलभर शुद्ध चुनखडीचा हिशेब केला तर १ लाख ७८ हजार किलोजूल, आणि त्यातून चुना निघतो ५६ किलो. आता मुलांना विचारावे की हे काम मॅग्नेशियम कार्बोनेटला कमी उष्णतेवर आणि बेरियम कार्बोनेटला तेराशे अंशांच्या वर का होते. कार्बोनेट हा मोठा आयन आहे. तो जाऊन त्याच्या जागी लहानसा ऑक्साइड आयन येतो तेव्हा जाळी आवळली जाते आणि ऊर्जा परत मिळते. धनायन जितका लहान तितकी ही आवळण्यातली मिळकत मोठी, म्हणून मॅग्नेशियमला भट्टी कमी तापलेली चालते आणि बेरियमला जास्त तापलेली लागते. गट दोनच्या (मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम यांच्या) कार्बोनेटांची स्थिरता खाली जाताना वाढते, हे वाक्य पाठ असणारी मुले मला शेकड्याने भेटली. त्याचे कारण सांगणारी फार थोडी.

आता विरघळण्याविषयी, कारण गोंधळ सर्वांत जास्त तिथेच आहे आणि आमच्या गावांत त्याचे प्रयोग रोज होत असतात. मीठ पाण्यात विरघळताना जाळी मोडावी लागते, तिचा खर्च ७८८. सुटलेल्या आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात, त्या हायड्रेशनमधून ७८४ परत मिळतात. फरक फक्त ४ किलोजूलचा आणि तोही खर्चाच्या बाजूला. दोन प्रचंड आकडे जवळजवळ एकमेकांना खोडतात आणि उरते ती एवढीशी तूट, म्हणून मीठ घातल्यावर पाणी गार झाल्याचे हाताला कळतही नाही. इथे हुशार मूल हमखास विचारते, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की तूट असताना ते विरघळते कसे. उत्तर एन्ट्रॉपीत आहे. शिस्तीत बसलेले आयन पाण्यात पसरतात आणि अव्यवस्था वाढते. खोलीच्या तापमानाला त्याचे मोल सुमारे १३ किलोजूल होते, त्यातून ४ वजा जाऊन ९ विरघळण्याच्या बाजूला उरतात. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात उन्हाळ्यात जमिनीवर फुटलेला पांढरा थर पहिल्या पावसात दिसेनासा होतो. त्यात मिठाबरोबर इतरही क्षार असतात, पण मिठापुरता हिशेब हाच.

खतांकडे वळलो तर तूट हाताला लागण्याइतकी मोठी होते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्याची जाळी ७१५ किलोजूलची, पण हायड्रेशनमधून तितके परत येत नाही आणि १७ किलोजूलची तूट पाण्याच्या उष्णतेतून भरली जाते. पोटॅशियम नायट्रेटमध्ये, म्हणजे ज्याला सगळे ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ म्हणतात त्यात, ही तूट ३५ किलोजूलपर्यंत जाते. बोंडे भरण्याच्या दिवसांत आमच्याच विद्यार्थ्याच्या वावरात त्याची एक किलोची पिशवी पाच लिटर पाण्यात ढवळताना मी उभा होतो. ढवळता ढवळता प्लास्टिकच्या बादलीला बाहेरून घाम फुटला, त्याने आत बोटे बुडवली आणि विचारले, “सर, पाणी इतकं गार काऊन पडलं?” दहा अंशांच्या आसपास तापमान उतरले असणार. ज्या मुलाने आदल्या वर्षी वर्गात ‘उष्माग्राही’ची (उष्णता शोषणाऱ्या अभिक्रियेची) व्याख्या न अडखळता म्हणून दाखवली होती, त्याला आपल्या हातातली बादली ही त्याच धड्यातली आहे असे वाटले नव्हते, आणि यात दोष त्याचा नाही. उन्हाळ्यात पाणी गार करायला सोरा वापरण्याची रीत मोगलांच्या काळात होती. सोरा म्हणजे हेच पोटॅशियम नायट्रेट.

याच्या उलट उदाहरण हवे असेल तर कपाशीवरच्या लाल्यासाठी (पाने लाल पडण्याच्या विकारासाठी) जे मॅग्नेशियम सल्फेट फवारतात ते पाहावे. दुकानातले दाणे सात रेणू पाणी बाळगून असतात. ते विरघळताना पाणी किंचित गार होते. तेच दाणे तापवून पूर्ण कोरडे केले आणि मग पाण्यात टाकले तर पाणी चांगलेच तापते, मोलमागे ९० किलोजूलहून अधिक उष्णता बाहेर पडते. क्षार तोच आहे. फरक एवढाच की ओल्या दाण्यातल्या मॅग्नेशियम आयनाभोवती पाणी आधीच बसलेले असते आणि हायड्रेशनची मोठी मिळकत आधीच झालेली असते, तर कोरड्या दाण्याच्या वाट्याला ती आता येते. ‘क्षार विरघळला की पाणी गार होते’ किंवा ‘तापते’ असा कोणताही सरसकट नियम यामुळेच टिकत नाही.

‘जालक ऊर्जा जास्त म्हणून क्षार विरघळत नाही’ हे सदरातले दुसरे एक वाक्यही याच कारणाने अर्धवट आहे. कॅल्शियम क्लोराइडची जालक ऊर्जा मिठाच्या जवळजवळ तिप्पट, सुमारे २२६० किलोजूल. तरी ते मिठापेक्षा कितीतरी जास्त विरघळते आणि वर पाणी तापवते, कारण दुहेरी भाराच्या लहान आयनाचे हायड्रेशनही तितकेच जोरदार असते. कॅल्शियम फ्लोराइडची जाळी सुमारे २६३० ची, म्हणजे फार दूरची नाही, आणि ते मात्र लिटरभर पाण्यात जेमतेम १६ मिलिग्रॅम विरघळते. निर्णय एका आकड्यावर होत नाही. जाळी, हायड्रेशन आणि एन्ट्रॉपी यांच्या एकत्रित बेरीज-वजाबाकीवर होतो. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडते आणि तिथल्या मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइडला तो घट्ट स्फटिकात ओढून घेतो. ज्या पाण्यात सोडियम जास्त आणि कॅल्शियम कमी, तिथे फ्लोराइड मोकळा राहतो. हा धडा आमच्या मुलांना किती जवळचा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

युरियाबद्दल एक खुलासा इथेच केलेला बरा. युरिया विरघळतानाही बादली गार पडते, शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी घेतले तर सहा अंशांच्या आसपास, आणि म्हणून काही शिक्षक तोही जालक ऊर्जेच्या धड्यात घालतात. युरिया आयनिक नाही. त्याचे सबंध रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, त्यामुळे उष्णता लागते हे खरे असले तरी आयनांची जाळी, बॉर्न-हेबर चक्र वगैरे त्याला लागू होत नाही.

राहिला चिन्हाचा प्रश्न. काही पुस्तके जाळी मोडून आयन सुटे करण्याची ऊर्जा म्हणजे जालक ऊर्जा मानतात आणि मिठापुढे अधिक ७८८ लिहितात. काही पुस्तके आयनांपासून जाळी बनण्याची ऊर्जा मानतात आणि उणे ७८८ लिहितात. दोन्ही बरोबर आहेत. पण एकाच पुरवणीत एका आठवड्याला अधिक आणि पुढच्या आठवड्याला उणे छापले जाते, कोणती व्याख्या घेतली हे कुठेच लिहिलेले नसते, आणि मग ‘सर्वांत जास्त जालक ऊर्जा कोणाची’ या प्रश्नात उणे ३८०० हा आकडा उणे ७८८ पेक्षा लहान आहे म्हणून प्रामाणिक मूल मिठावर खूण करते. चार पर्यायांच्या परीक्षेत तिथे चार गुण तर जातातच, वर एक कापला जातो.

याला सदर लिहिणारे शिक्षक एकटे जबाबदार नाहीत. ग्रामीण भागातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक नेमणूक होईपर्यंत पहिले सत्र अर्धे सरलेले असते. प्रयोगशाळेला कुलूप असते आणि प्रात्यक्षिकाचे गुण मात्र सढळ हाताने दिले जातात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी लिहीत नाही. अशा वेळी मुलांच्या हातात जे छापील पान पडते त्याची जबाबदारी वाढते, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून विनंती अशी की, सदराच्या पुढच्या अंकात ही दुरुस्ती ठळकपणे छापावी: इलेक्ट्रॉनच्या देवघेवीला ऊर्जा लागते आणि आयनिक संयुग बनताना जी ऊर्जा बाहेर पडते ती जाळी रचली गेल्यामुळे. जालक ऊर्जेचा आकडा दिला की तो मोडण्याचा की बनण्याचा, हे प्रत्येक वेळी शब्दांत लिहावे. आणि जागा असेल तर एक घरगुती प्रयोग द्यावा. स्टीलच्या पेल्याऐवजी थर्माकोलचा किंवा जाड प्लास्टिकचा पेला, त्यात १०० मिलिलिटर पाणी, साधा प्रयोगशाळेचा तापमापक, आणि प्रत्येक खेपेला १० ग्रॅम मीठ, पोटॅश किंवा तेरा-शून्य-पंचेचाळीस. ढवळून सर्वांत खालचे तापमान लिहून घ्यावे. मिठाने एक-दीड अंश उतरेल, पोटॅशने पाचच्या आसपास, नायट्रेटने सात-आठ. लाल पोटॅशमध्ये मातकट गाळ राहतो, म्हणून पांढरे मिळाले तर बरे. उतरलेले अंश, पाण्याचे वजन आणि ४.१८ यांच्या गुणाकारावरून मुले मोलमागची एन्थाल्पी स्वतः काढू शकतात आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहू शकतात; जवळपासचे उत्तर आले तरी त्यांना आनंद होतो, आणि फरक का पडला हे शोधणे हा दुसऱ्या तासाचा अभ्यास होतो.

उष्मादायी बाजूसाठी कळीच्या चुन्याचा प्रयोग सुचवण्याचा मोह होईल, कारण वरुड-मोर्शीच्या संत्राबागांत बोर्डो मिश्रणासाठी (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकासाठी) तो घरोघरी असतो आणि पाणी ओतले की ड्रममधून वाफा निघतात. किलोभर शुद्ध चुन्यातून सुमारे ११६० किलोजूल उष्णता निघते, साडेतीन लिटर पाणी उकळीला न्यायला ती पुरेशी आहे. ही उष्णता नुसत्या विरघळण्याची नाही. ऑक्साइड आयन पाण्याकडून प्रोटॉन ओढून घेतो आणि त्यातून हायड्रॉक्साइड बनतो त्याची आहे, म्हणून ती या तक्त्यात तशीही बसत नाही. आणि उकळता चुना उडून डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. तो प्रयोग छापूच नये. वर्गात दाखवायचाच असेल तर शिक्षकांनी स्वतः, डोळ्यांना चष्मा लावून, चिमूटभर चुन्यावर आणि मुलांना दोन हात लांब उभे करून दाखवावा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ